सारथीचा डोळा

३ मार्च, मंगळवार

आज सकाळी दात घासताना मला घोषवाक्य सुचलं. तोंडात फेस होता, म्हणून आरशावरच बोटाने लिहून ठेवलं, नाहीतर उडून गेलं असतं: 'हात सोडा, सारथी आहे ना!'

शोरूमला जाऊन वेंगशेठना ऐकवलं. ते सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते, ते थांबले. इतकी वर्षं मी ह्या माणसाकडे गाड्या विकतोय, माझं बोलणं ऐकून बिया थांबल्या असं आज पहिल्यांदाच झालं. "फैरोत," म्हणाले, "हे कोरात शहराच्या प्रत्येक चौकात लागलं पाहिजे."

नव्या गाडीत आरशामागे एक कॅमेरा आहे. रस्त्यावरचे पट्टे बघून तो गाडी सरळ ठेवायला हातभार लावतो, पुढे काही आडवं आलं तर ब्रेक मारतो. कंपनीच्या पुस्तकात ह्याला 'चालक साहाय्य प्रणाली' म्हणतात. असल्या नावाने कुणी सायकलसुद्धा घेणार नाही. सारथी हे बारसं माझं.

आमची तंत्रज्ञ इंग हुशार आहे, पण तोंडावर कायम सुतक. म्हणाली, "दादा, हात सोडायचे नसतात. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर."

"मग ते खाली बारीक अक्षरात टाकू."

"किती बारीक?"

"कायद्याला दिसेल, गिऱ्हाइकाला नाही, इतकं."

वेंगशेठ असे हसले की बी घशात अडकली. पाठीवर थापा मारायला लागल्या.

८ मार्च, रविवार

पोस्टरला चेहरा हवा होता. वेंगशेठ म्हणाले, "बँकॉकच्या त्या काडीसारख्या पोरी नकोत. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हिला जमतं तर मला का नाही?" मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. संध्याकाळी घरी आलो तर चेहरा शेगडीपुढे बसून नारळाचे आप्पे उलटत होता!

बुआलोय म्हणजे माझी आई. तिचे आप्पे म्हटलं की रात्रबाजारात लहान पोरसुद्धा रस्ता दाखवेल. आई अजून स्वतःची जुनी पिकअप घेऊन बाजारात जाते. जन्मभराचा परवाना आहे तिच्याकडे, आता तसले मिळत नाहीत. पिकअपची डावी बाजू सगळी चेपलीय, पण आमचे रस्तेच अरुंद आहेत. आप्पेही हल्ली थोडे करपतात. गिऱ्हाईक म्हणतं, करपट चवच न्यारी.

फोटो शोरूममध्येच काढला. गाडी बंद, हात मांडीवर. फोटोवाला ओरडतोय, "आजी, इकडे बघा, इकडे!" आणि आई भिंतीवरच्या पंख्याकडे बघून हसतेय. पण काय फोटो आलाय! नजर कशी शांत, दूरवर लागलेली. अशी नजर पैसे देऊन मिळत नाही.

मानधन म्हणून वेंगशेठनी आईला एक गाडीच वापरायला दिली. घरी येताना मी चालवत होतो. आई विचारत होती, "खरंच ही आपली आपण चालते?"

"हो गं."

"म्हणजे समोर काय आलं ते ही बघते?"

"सगळं बघते."

"मला बघावं लागत नाही?"

"सारथी आहे ना!"

घरी आल्या आल्या तिने देवापुढे उदबत्ती लावली. पोस्टरवर झळकायचं म्हणजे आनंद होणारच.

१५ मार्च, रविवार

माझं वाक्य गावभर झालंय. आज पपईची कोशिंबीर कुटणाऱ्या बाईला म्हटलं, मिरच्या बघून टाका हो. तिने मान वर न करता मूठभर टाकल्या आणि म्हणाली, "सारथी आहे ना!" सगळा ठेला हसला. माझं तोंड अजून भाजतंय, पण छाती फुगलीय.

शोरूमच्या दारात आईचा पुठ्ठ्याचा माणसाएवढा पुतळा ठेवलाय. दुपारी आई डबा घेऊन आली, पुतळ्यापुढे थांबली, हात जोडून म्हणाली, "ताई, जरा सरकता का?" वेंगशेठ पोट धरून हसले. ह्या वयातही विनोद करावा तर आईने.

निघताना मला म्हणाली, "पोस्टर बघायला माणसं येतात, केस नीट विंचरत जा." माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं काय राहिलंय? पण आईच्या लेखी मी अजून दहा वर्षांचा आहे.

२२ मार्च, रविवार

पहिल्या नऊ गाड्या विकल्या गेल्या (आईची धरून). नऊ म्हणजे शुभच. सगळ्या गाड्यांना एकत्र आशीर्वाद देववावा ही कल्पनाही माझीच. डोंगराजवळच्या विहारातले मोठे भंते आले. त्यांनी हात लावलेल्या गाडीला ओरखडा येत नाही म्हणतात.

एरवी भंते चालकाच्या डोक्यावर, छताला, पांढऱ्या लेपाचे ठिपके लावतात आणि वर सोन्याचा वर्ख चिकटवतात. आज त्यांनी बोट लेपात बुडवलं आणि थांबले. विचारलं, "हिला चालवतो कोण?"

समोर नऊ मालक, त्यांची बायकापोरं, दोन वार्ताहर. मी कशाला मागे राहतोय? "सारथी, भंते!"

"तो बसतो कुठे?"

"बसत नाही, भंते. इथे आरशामागे असतो. हा बघा त्याचा डोळा."

"मग आशीर्वाद त्याच्याच डोक्यावर द्यायला हवा," असं म्हणून भंतेंनी काचेवर, बरोबर त्या डोळ्यासमोर, ठिपक्यांचं आख्खं चक्र काढलं, मधोमध वर्ख लावला आणि मंत्र म्हटला. नऊच्या नऊ गाड्यांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला.

इंग कोपऱ्यात कपाळ धरून उभी होती. उन्हाचा त्रास झाला असेल.

२४ मार्च, मंगळवार

उन्हाचा त्रास नव्हता. नऊही गाड्यांत सारथी बंद पडलाय. पडद्यावर बारीकशी सूचना येते: 'कॅमेरा झाकलेला आहे.' लेप काचेवर दगडासारखा वाळलाय आणि सारथीला वर्खापलीकडचं काही दिसत नाही.

"पुसून टाक," मी इंगला म्हटलं.

"तुम्ही पुसा."

मी फडकं घेतलं आणि गाडीपर्यंत गेलो. मग वाटलं, हे काम मालकाच्या हातून झालेलं बरं. फडकं वेंगशेठना दिलं. त्यांनी ते जळता निखारा दिल्यासारखं परत माझ्या अंगावर टाकलं. "भंतेंचा हात पुसू? माझ्या घरात लेकरंबाळं आहेत!"

भंतेंना फोन करून परवानगी मागावी म्हटलं, तर ते कालच जंगलात मौनाला बसलेत, सोंगक्रानचा, नव्या वर्षाचा पाण्याचा सण झाल्यावर उठणार. शेवटी मालकांना विचारलं. पोलादाचा दुकानदार माझ्यावरच चवताळला. "आशीर्वाद पुसायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उलट लेप लावल्यापासून गाडी लोण्यासारखी चालतेय! काल तर सारथीने स्वतःहून वळण घेतलं." वळण त्याने स्वतःच घेतलं असणार, पण त्याला कोण सांगणार? बाकीच्या मालकांचंही हेच. सारथी बंद पडल्यापासून सगळे त्याच्यावर जास्तच खूश आहेत.

रात्री जेवताना आईला गंमत म्हणून सांगितलं, "सारथीला मोतीबिंदू झालाय!" मी एकटाच हसलो. आईने माशाच्या चटणीची बाटली उचलली आणि चहात ओतली. तसाच पिऊन टाकला. वय झालं की चवी बदलतात.

मग म्हणाली, "मोतीबिंदू झाला म्हणून काय त्याला कामावरून काढणार का रे?"

२ एप्रिल, गुरुवार

आईने नवं खूळ काढलंय. लोईला थोंगबायमावशीकडे जायचं, गाडीने, एकटीने. दिवसभराची वाट, त्यात सोंगक्रानची गर्दी. "तू येतोस का?" विचारत होती. मी म्हटलं, सणात शोरूम सोडून कसा येऊ? "बरं," म्हणाली, "सारथी आहे ना."

माझंच वाक्य, पण तिच्या तोंडून ऐकायला नको वाटलं. तिच्या गाडीतला सारथी आंधळा झालाय हे तिला सांगायला हवं. पण सांगणार कसं? आख्ख्या गावाने गाडी घेतली ती तिचा फोटो बघून. आणि फोटो काढला मी.

उद्या सांगतो.

९ एप्रिल, गुरुवार

अजून सांगितलेलं नाही. त्यात वेंगशेठनी आज कहर केला. रविवारी सणाची मिरवणूक: नऊ गाड्या शहराच्या खंदकाला फेरी मारणार आणि चालकांनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून लोकांना हलवायचे. टीव्हीवाले येणार. पहिली गाडी आईची. मी लाल कोट घालून पुढे चालायचं.

"शेठ, सारथी बंद आहे," मी म्हटलं.

"गाडी तर चालू आहे ना? चालण्याच्या वेगाने जायचं. बाकीचे काही वेडे नाहीत, गुडघ्याने सांभाळतील."

बाकीचे सांभाळतील हो. पण आई घरी पाटावर बसून दोन्ही हात वर करायचा सराव करतेय. खरोखर हात सोडणारी त्या नऊ जणांत ती एकटीच असेल, कारण तिला मी सांगितलंय.

११ एप्रिल, शनिवार

आज माहितीपत्रक घेऊन आईसमोर बसलोच. म्हटलं, "आई, हे खालचं बारीक अक्षर वाच." आईने कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, नाकाजवळ नेला. "छान लिहिलंस," म्हणाली.

"अगं, वाच तरी."

"वाचलं ना. छान लिहिलंस."

मी कागद परत घेतला. "उद्या एक हात तरी स्टिअरिंगवर ठेवशील?"

"का? सारथी नाहीये का?"

एवढं सरळ विचारलं बाईने. 'नाहीये' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आहे गं. आहे."

"नसला तर सांग," ती म्हणाली. "मग मला गाडी सोडायलाच लागेल. बाजारही गेला, थोंगबायपण गेली. मग दिवसभर तुझी वाट बघत ओट्यावर बसते."

एक साधा प्रश्न, त्यावर केवढं पुराण! मी विषय बदलला. चालण्याच्या वेगाने कुणाचं काय वाकडं होतंय?

१२ एप्रिल, रविवार

लाल कोट अंगावरच आहे, तसाच लिहायला बसलोय.

सकाळी खंदकाच्या काठाला ही गर्दी. पोरं बादल्या घेऊन पाणी उडवतायत, ढोल वाजतोय. लाल कोट घालून मी पुढे, मागे आईची गाडी रांगतेय. आईने दोन्ही हात बाहेर काढले. लोकांनी जल्लोष केला: "आप्पेवाली आजी! सारथी आहे ना!"

सरळ रस्त्यावर ठीक चाललं. मग खंदकाचा कोपरा आला. रस्ता डावीकडे वळला आणि गाडी वळलीच नाही. ती सरळ कठड्याकडे निघाली. कठड्यावर दहाबारा पोरं बसलेली, बादल्या भरतायत. लोकांना वाटलं हाही खेळ आहे. ते आणखी टाळ्या वाजवायला लागले.

मी पळालो. कसा पळालो माहीत नाही, हे पोट घेऊन. गाडीसमोर जाऊन हात पसरले आणि बोंब मारली, "आई! अगं आई!"

गाडी थांबली. माझ्या गुडघ्याला टेकून थांबली.

क्षणभर ढोलसुद्धा बंद पडला. मग कुणीतरी ओरडलं, "सारथीने थांबवली! माणूस दिसला आणि थांबली!" आणि जो काय गलका झाला! मला उचलून नाचवलं. टीव्हीवालीने खिडकीत माइक घातला, "आजी, गाडी कशी थांबली?"

आई पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "मी ब्रेक दाबला."

टीव्हीवाली कॅमेऱ्याकडे वळून हसली. "किती मिश्कील आजी आहेत पाहा आपल्या!"

इंगने नंतर गाडीतली नोंद काढून दाखवली. सारथी पूर्ण वेळ बंद. ब्रेक पायाने दाबलेला. म्हणजे आईनेच मला बघितलं आणि वाचवलं. मला आणि त्या पोरांनाही. ह्या वयात आईची नजर घारीसारखी आहे, मी उगाच घाबरत होतो.

पण ती म्हणाली, "हात धड राहत नाहीयेत रे. लोईला तू नेतोस का?" ह्या वेळी मी शोरूमचं नाव काढलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार, लोई

मावशीच्या अंगणात बसून लिहितोय. काल दिवसभर मीच गाडी चालवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शाळेतल्या पोरासारखे. आई वाटेत झोपली.

आज सणाचं सुगंधी पाणी मोठ्यांच्या हातांवर घालायचं होतं. आईने हात पुढे केले, पण वाडग्याच्या बाजूला नाही, भलतीकडेच. मी हसलो. थोंगबायमावशी हसली नाही. तिने आईचे हात धरून वाडग्यासमोर आणले आणि माझ्याकडे बघितलं.

"घोड्या, तुझ्या आईला डाव्या डोळ्याने काही दिसत नाही. उजव्याने धुकं. मोतीबिंदू. किती वर्षं झाली, आणि तू एका घरात राहतोस ना रे?"

आई म्हणाली, "ताई, सणासुदीचं राहू दे ना."

पुठ्ठ्याची ताई. चहातली चटणी. पंख्याकडे बघून हसणं. चेपलेली पिकअप. एकेक आठवत गेलं आणि मला बसायला जागा सापडेना.

"मग परवा ब्रेक कसा दाबलास?" मी विचारलं. "मी तुला दिसलो ना?"

"कुठला दिसतोस? काहीतरी लाल होतं. मला वाटलं, देवळाचं फाटक." तिने हात पुसले. "हात तुझ्या पोस्टरसाठी सोडले, पण पाय ब्रेकवरच ठेवला होता. मग तू ओरडलास. लहानपणी हौदात पडला होतास, तेव्हा अगदी असाच ओरडला होतास. दाबला."

"आणि आधी का नाही सांगितलंस मला?"

"सांगणारच होते. मग तू सांगितलंस, आता बघावं लागत नाही. मला बरं वाटलं."

मी मावशीच्या परसात गेलो आणि डुकरांच्या गोठ्याशी उभा राहून रडलो. आंधळ्या गाडीत आंधळ्या बाईला बसवून मी पुढे नाचत चाललो होतो. बारीक अक्षर माझं, मोठं अक्षरही माझंच.

२० एप्रिल, सोमवार

वेंगशेठना सगळं सांगितलं. म्हटलं, पोस्टर उतरवा. त्यांनी बिया सोलत सोलत नवं पोस्टरच पुढे केलं. टीव्हीवरचंच चित्र: लाल कोटात हात पसरलेला मी, गुडघ्याला टेकलेली गाडी, काचेत आई. वर ठळक अक्षरात त्यांचं स्वतःचं वाक्य: 'सारथीला सगळं दिसतं!'

"लोकांना खरं काय ते सांग ना," म्हणाले. "मी अडवलंय का?"

मी सांगितलं. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत होतो की गाडी आईने थांबवली, सारथी आंधळा होता. एकाने डोळा मारला. दुसरा म्हणाला, "प्रतिस्पर्धी कंपनीने किती दिले?" तिसऱ्याने गाडी घेतली. इंग म्हणाली, "दादा, तुमचं कुणी खरं मानणार नाही. तुम्ही काम फार चांगलं केलंय." पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू होतं, आणि तेही असलं.

भंते मौनातून उठले. मी जाऊन पायावर डोकं ठेवलं, लेप पुसू का विचारलं. म्हणाले, "पूस की. माणूस चालवतो म्हणाला असतास, तर छताला लावला असता."

लेप पुसले. मालक नाराज आहेत. सारथी आता रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की पीं-पीं करतो, म्हणतात आशीर्वाद गेला आणि गाडी बिघडली.

आईला सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली.

२३ मे, शनिवार

उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात. काल पट्टी निघाली. आज आई म्हणाली, मला शोरूमला ने, माझा फोटो बघायचाय. कधी बघितलाच नव्हता तिने.

शनिवार, त्यामुळे गर्दी. लोकांनी ओळखलं, "आजी आल्या, आजी आल्या!" एक जोडपं गाडीत बसलेलं, नवरा दोन्ही हात वर करून बायकोला फोटो काढायला लावत होता. आई पुठ्ठ्याच्या पुतळ्यापुढे उभी राहिली, त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "शी! ही पंख्याकडे काय बघून हसतेय?"

मग मोठ्या पोस्टरपाशी गेली. वरचं वाक्य वाचलं. मग वाकली, आणखी वाकली आणि तिचा चेहरा लहान पोराच्या हाती खाऊ पडावा तसा उजळला. "अगं बाई, इथे खालीपण काहीतरी लिहिलंय!"

आणि चाळीस वर्षं बाजारात आप्पे विकलेल्या आवाजात ती वाचायला लागली: "ही प्रणाली गाडी चालवत नाही! चालकाने दोन्ही हात! सतत! स्टिअरिंगवर ठेवावेत! चालकाने सतत! समोर पाहावे! पाऊस, धुकं, ऊन किंवा काचेवर घाण असल्यास! प्रणालीला काही दिसणार नाही!"

वेंगशेठच्या हातातल्या बिया फरशीवर सांडल्या. मी इतके दिवस ओरडून सांगत होतो ते कुणी मानलं नाही, पण पोस्टरवरची बाईच पोस्टर वाचून दाखवतेय म्हटल्यावर एकेकजण वाकून बघायला लागला. गाडीतल्या नवऱ्याने हळूच हात खाली घेतले. बायको त्याला म्हणाली, "उतर."

"अजून आहे, अजून आहे," आई म्हणाली. "ह्या भिंतीवरचं राहिलंय." आणि दुसऱ्या पोस्टरकडे निघाली. सगळं शोरूम तिच्या मागे.

तिसरं पोस्टर संपल्यावर तिला धाप लागली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ग्लास तिने न चाचपता घेतला. मग माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"डुकऱ्या," म्हणाली, "तुझे केस कुठे गेले रे?"

"चार वर्षं झाली, आई."